बाद झालेला गडी

आमच्या कोरेगावच्या घरात रात्रीची पाने साडेआठाला मांडली जातात. हा शिरस्ता आमच्या तीर्थरूपांच्या वेळचा. पुढे घरात रेडिओ आला, दूरदर्शन आले, बातम्यांच्या वेळा बदलल्या. पण पानांची वेळ ढळली नाही. ती ढळली गेल्या दोन-तीन वर्षांत, आणि तीही एका खेळापायी. खालून सूनबाईंनी हाक मारावी आणि माडीवरून उत्तर यावे, "आलो, एवढी फेरी होऊ द्या." मग भात निवतो, आमटी पुन्हा चुलीवर चढते, आणि वडील माणसांच्या कपाळी आठ्या उमटतात. हा देखावा आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी नित्याचा असेल, म्हणून या महिन्यात त्याविषयीच लिहावे असे योजिले आहे.

प्रथम आमचा विचार रागे भरण्याचा होता. परंतु जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसास एक खोड जडलेली असते. ज्या गोष्टीवरून मुलांस बोलायचे, ती गोष्ट आपण आधी पाहिली पाहिजे, असे त्यास वाटते. म्हणून आम्ही माडीवर एक खुर्ची नेऊन ठेवली आणि काही संध्याकाळी मुलांच्या पाठीशी बसून काढल्या. मुले दोन. थोरला आमचा नातू, वय वीस, साताऱ्यास अभियांत्रिकी शिकतो. धाकटा आमच्या बंधूंचा नातू, वय सोळा, यंदा अकरावीत. आरंभी दोघेही आम्हांस पाहून जरा संकोचले. दोन दिवसांनी आम्ही तेथे आहोत हे विसरून गेले. त्यानंतर जे दिसले ते आमच्या अपेक्षेहून निराळे होते.

इंग्रजी मुलखात या जातीच्या खेळांस जे नाव आहे, त्याचा अर्थ डावपेची नेमबाजी असा करता येईल. नुसत्या गोळीबाराच्या खेळांहून हा प्रकार वेगळा. आमची मुले खेळतात त्याचे नाव व्हॅलोरंट. तो अमेरिकेतील रायट गेम्स या कंपनीने २०२० च्या जूनमध्ये बाजारात आणला. त्यात पाच-पाच गड्यांचे दोन पक्ष. एकाने चाल करून जायचे आणि ठरलेल्या जागी एक स्फोटक ठेवायचे; दुसऱ्याने ती जागा राखायची. एका फेरीस शंभर सेकंद. ज्या पक्षाने आधी तेरा फेऱ्या जिंकल्या त्याचा सामना. प्रत्येक फेरीच्या आरंभी मिळालेल्या पैशांतून हत्यारे घ्यायची. हरलेल्या पक्षाने कधी कधी एक फेरी मुद्दाम निर्धन राहून पुढच्या फेरीकरिता पैसा साठवायचा. धावले तर पावले वाजतात व शत्रूस ऐकू जातात. हळू चालले तर वाजत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एक-दोन नेमक्या गोळ्यांत गडी बाद होतो, आणि बाद झालेला गडी ती फेरी संपेपर्यंत परत येत नाही. त्याने बसून आपल्या सोबत्यांचा खेळ पहायचा.

हे शेवटचे कलम ऐकताच आमच्या मनात एकदम हुतूतूचे पटांगण उभे राहिले. कबड्डीचे नियम बांधण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात झाला, आणि १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने तिचे मोठे सामने भरविले, हे पुष्कळांस ठाऊक असेल. पण त्या काळी या खेळाच्या निरनिराळ्या तऱ्हा होत्या, हे नव्या पिढीस क्वचितच माहीत असते. संजीवनी तऱ्हेत प्रतिपक्षाचा एक गडी मारला की आपला एक मेलेला गडी उठून आत येई. गामिनीत मेलेला तो मेलेला. आपला सबंध संघ बाद होईपर्यंत त्याने बाहेर बसायचे. अमर तऱ्हेत कोणी मरतच नसे. गडी मारला की गुण लिहायचा आणि तो गडी तसाच खेळत रहायचा. आजची कबड्डी संजीवनीच्या वाटेने गेलेली आहे. मेलेल्या गड्याचे काय करावे, या एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरे आपल्या गावठी पटांगणांवर लोकांनी आपल्या बुद्धीने शोधली होती. आज जगभर कोट्यवधी रुपये ओतून जे खेळ बनविले जातात, त्यांत चाललेला वादही याच प्रश्नाभोवती फिरतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

डावपेची नेमबाजीचा खेळ हा मुळात गामिनीच्या जातीचा. त्याचा आरंभ पहावा. १९९८ साली रेनबो सिक्स नावाचा खेळ निघाला. टॉम क्लॅन्सी या अमेरिकन कादंबरीकाराच्या त्याच नावाच्या कादंबरीशी तो जोडलेला होता. त्यात इमारतीचा नकाशा समोर ठेवून कोणत्या तुकडीने कोणत्या दाराने शिरायचे, कोठे थांबायचे, कोणत्या इशाऱ्यावर पुढे सरकायचे, हे सर्व आधी रेषा आखून ठरवावे लागे. आखणीस अर्धा तास जाई, आणि प्रत्यक्ष मोहीम कधी कधी दोन-तीन मिनिटांत आटोपे. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, मिन्ह ली व जेस क्लिफ या दोघा तरुणांनी हाफ-लाइफ नावाच्या दुसऱ्या एका खेळाची मोडतोड करून काउंटर-स्ट्राइक तयार केला. २००० साली तो दुकानांत विकावयास आला, आणि थोड्याच काळात आपल्याकडील तालुक्या-जिल्ह्याच्या गावांतल्या नेट कॅफेपर्यंत येऊन पोहोचला.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमचे चिरंजीव २००४ च्या सुमारास साताऱ्यास महाविद्यालयात होते. एस. टी. ने जात, एस. टी. ने येत, आणि मधल्या दोन तासांचे काय करीत, ते आम्हांस त्या वेळी कळले नव्हते. ते आता वीस वर्षांनी, मुलांच्या पाठीशी बसलेल्या आम्हांस पाहून त्यांनी हसत कबूल केले. कॅफेत दहा यंत्रे, मागे बाके. बाद झालेला गडी खुर्ची मागे सारून, अजून जिवंत असलेल्या सोबत्याच्या पाठीशी जाऊन उभा राही. शेवटी एकच गडी उरला की त्याच्या पाठीशी चौघे. कोणी ओरडायचे नाही असा अलिखित नियम, कारण समोरचा पक्षही त्याच खोलीत. "बाबा, ती दोन मिनिटे मी कधी विसरणार नाही," असे चिरंजीव म्हणाले. "आम्ही गोळी मारायला शिकलो ते आपापल्या यंत्रावर, पण खेळायला शिकलो ते दुसऱ्याच्या पाठीमागे उभे राहून." मग वीज जाई, भारनियमनाचे ते दिवस होते, आणि सामना तेथेच मिटे.

त्या काळी काउंटर-स्ट्राइकमध्ये एक फेरी पाच-पाच मिनिटेही ठेवता येत असे. स्पर्धांत ती पावणेदोन मिनिटांची असे. सामना पुढे पुढे तीस फेऱ्यांचा झाला. सोळा जिंकणारा विजयी. आता तो उतार पहावा. २०२३ च्या सप्टेंबरात काउंटर-स्ट्राइकची दुसरी आवृत्ती आली आणि सोळाचे तेरा झाले, म्हणजे तिसाऐवजी फार तर चोवीस फेऱ्या. व्हॅलोरंट आरंभापासूनच तेराचा होता. त्याच्या कंपनीने त्याहूनही आखूड तऱ्हा एकामागून एक काढल्या. चार फेऱ्या जिंकल्या की संपला, अशी एक तऱ्हा पहिल्याच वर्षी होती. २०२२ च्या अखेरीस पाच फेऱ्यांची तऱ्हा आली. ती पाव तासात आटोपते. २०२३ च्या जूनमध्ये अशीही एक तऱ्हा आली की तीत पाच-पाच गडी सारखे मरतात आणि सारखे उठतात. फक्त मोजदाद व्हायची. हीच आमची अमर तऱ्हा.

फोनवरच्या खेळांतही हेच झाले. पब्जी हा आपल्याकडे २०१८ पासून घरोघर शिरला. २०२० च्या २ सप्टेंबरास सरकारने त्यावर बंदी घातली, आणि २०२१ च्या जुलैत तो बीजीएमआय या नावाने परत आला. मूळच्या खेळात आठ किलोमीटर लांब व तितक्याच रुंद बेटावर शंभर माणसे उतरत, आणि अर्धा तास त्यांतील बराच वेळ गवतात पडून, कानोसा घेत काढावा लागे. २०१९ मध्येच त्यात चौघा-चौघांची, चाळीस बळी होईपर्यंत चालणारी झटपट लढत घालण्यात आली. २०२० मध्ये दोन किलोमीटरांचे बेट व बावन्न माणसे असा आटोपशीर नकाशा आला. रेनबो सिक्सचाच वंशज असलेला सीज हा खेळ २०१५ पासून आहे. त्यात चढाई करणाऱ्यांस आधी पाऊण मिनिट नुसत्या टेहळणीसाठी दिलेले असते. इतका सावध खेळ; पण २०२५ च्या जूनमध्ये त्याचे रूप पालटले तेव्हा त्यातही सहा-सहा गड्यांची, मेलेल्यास पुन्हा उठविणारी एक तऱ्हा घालण्यात आली.

या सर्वांचे कारण विचारता धाकट्याने आम्हांस जे सांगितले ते कोणत्याही कंपनीच्या पत्रकाहून सरळ होते. "आजोबा, पहिल्या दहा सेकंदांत मेलो तर दीड मिनिट नुसते बघत बसायचे? तेवढ्यात मी फोन उघडतो. फोन उघडला की मग खेळात परत मन लागत नाही." कंपन्यांची भीती नेमकी हीच आहे. बाद झालेला गडी पूर्वी सोबत्याच्या पाठीशी जाऊन उभा राही. आता तो दुसऱ्या दुकानात निघून जातो. खेळातील पोशाख व रंगीत हत्यारे विकून पोट भरणाऱ्या दुकानदारास गिऱ्हाईक दाराबाहेर गेलेले परवडत नाही.

आणखी एक कारण यंत्राच्या पोटातले आहे, आणि ते आम्हांस फार मौजेचे वाटले. समजा, एक गडी भिंतीच्या कोपऱ्यावर नेम धरून स्तब्ध उभा आहे, आणि दुसरा पलीकडून धावत येऊन एकदम डोकावतो. रीतीप्रमाणे दबा धरून बसलेल्याचे पारडे जड असावयास हवे. परंतु दोघे एकमेकांस दिसतात ते मुंबईच्या सर्व्हरमार्फत. धावणाऱ्याने कोपरा ओलांडल्याची बातमी त्याच्या यंत्रापासून मुंबईस जाऊन तेथून कोरेगावास येईपर्यंत काही क्षणांश जातात. तेवढा वेळ त्याला आमचा मुलगा दिसतो, पण आमच्या मुलाला तो दिसत नाही! म्हणजे वाट पाहणाऱ्याच्या विरुद्ध तारेनेच कौल दिलेला असतो. व्हॅलोरंटच्या कर्त्यांनी हा अन्याय कमी व्हावा म्हणून आपला सर्व्हर सेकंदास १२८ वेळा हिशेब करील असा बांधला. तरी तो समूळ जात नाही. जलद हातांच्या मुलांनी हे फार लवकर ओळखले. त्यात काही पात्रांस वाऱ्यासारखे झेपावण्याची विद्या दिलेली. तेव्हा कोपऱ्यात बसणारा मागे पडला यात नवल नाही.

शेजारचे निवृत्त सुभेदार एकदा सहज माडीवर आले. आमचा जिल्हा फौजेत माणसे पाठविणारा. आमच्याकडे सैनिकाची कथा ऐकण्यास दूर जावे लागत नाही. धाकट्याचा खेळ त्यांनी पाच मिनिटे पाहिला, आणि म्हणाले, "सीमेवर चौदा महिने होतो. त्यातले तेरा महिने आणि एकोणतीस दिवस आम्ही वाट पाहिली." एवढे बोलून ते चहा पिऊन गेले. अर्थात खेळ हा खेळ आहे, युद्ध नव्हे, आणि त्याने युद्धासारखे असावे असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. तरी ते वाक्य आमच्या मनातून जात नाही.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग बरेच झाले. सामना आखूड झाला तर पानेही वेळेवर मांडली जातील. आम्हांसही तसेच वाटले होते. मोठ्या सामन्यास पस्तीस-चाळीस मिनिटे लागतात. तो मध्येच सोडला तर कंपनी दंड करते, काही काळ खेळू देत नाही. शिवाय चौघा सोबत्यांचा विश्वासघात होतो तो वेगळाच. तेव्हा सूनबाईंच्या हाकेस "आलो" म्हणणारा मुलगा खोटे बोलत नव्हता, तो खरोखरच बांधलेला होता, हे आम्ही खुर्चीवर बसल्यावर कळले. पाव तासाच्या खेळात ही अडचण नाही. पण आम्ही मास्तर पडलो. वही काढली आणि पंधरा दिवस टिपण ठेवले. ज्या संध्याकाळी मुलांनी मोठा सामना घेतला, त्या संध्याकाळी बहुधा एकच झाला. संपताच ती थकून, काही बोलत, कोणाचे काय चुकले याची चर्चा करीत खाली उतरली. ज्या संध्याकाळी आखूड खेळ घेतले, त्या संध्याकाळी चार झाले, एकदा सहा झाले. प्रत्येक डाव संपताच पुढचा डाव दारात उभा. आखूड खेळातून उठण्याची मुभा दर पाव तासाला मिळते, आणि दर पाव तासाला ती नाकारताही येते. पंधरा दिवसांत पान सर्वांत उशिरा मांडले गेले ते आखूड खेळांच्या दिवशी, दहाला दहा मिनिटे कमी असता.

परंतु हा लेख आम्ही पानांच्या वेळेकरिता लिहावयास बसलो नव्हतो. त्याचे खरे कारण थोरला आहे.

थोरल्याचे हात जलद नाहीत. लहानपणी गोट्या खेळतानाही तो हरे. पण त्याची स्मृती व कान विलक्षण. शत्रूने मागल्या तीन फेऱ्यांत कोणत्या दाराने चाल केली, त्याच्यापाशी आता पैसे किती उरले असतील, म्हणून तो या वेळी काय करील, हे तो नेमके सांगे. त्यांच्या पाच जणांच्या टोळीत तो बहुधा पहिला बाद होई. आणि बाद झाल्यावरच त्याचे खरे काम सुरू होई. चौघांच्या डोळ्यांनी तो पाही, आणि कानावरच्या यंत्रातून हलक्या आवाजात सांगत राही, "डावीकडे कोणी नाही. थांब. अजून थांब. आता जा." धाकटा तर त्याचा उजवा हात, दादाने सांगावे आणि याने गोळी घालावी. आमच्या घरातील दोन चुलत भावंडांत चार वर्षांचे अंतर असून जी मैत्री होती, ती बव्हंशी या माडीवर झालेली आहे. तिचे श्रेय खेळास देण्यास आमची काही हरकत नाही.

गेल्या वर्षापासून टोळीतील इतर मुलांनी आखूड तऱ्हा धरली. कोणास शिकवणी, कोणास प्रवास. मोठ्या सामन्यास पाचही जणांचा वेळ जमेना. त्या तऱ्हेत मागल्या फेऱ्यांचा हिशेब ठेवून उपयोग काय? हिशेब जमतो तोवर पाच फेऱ्या झालेल्या असतात. जी सर्वस्वी अमर तऱ्हा आहे, तीत तर बाद झालेला गडी बाहेर बसतच नाही. मग बाहेर बसून पाहणाऱ्याचे काम उरत नाही. सोळाचे तेरा झाल्याने काउंटर-स्ट्राइकमध्येही हेच झाले, असे जाणते सांगतात: आरंभीच्या दोन फेऱ्या हातच्या गेल्या तर पिछाडी भरून काढण्यास जागा कमी उरते, म्हणून सावकाश शत्रू ओळखणाऱ्यापेक्षा पहिल्याच क्षणी झडप घालणाऱ्यास मोल आले. थोरल्यास कोणी टोळीतून काढले नाही. कोणी वाईट बोलले नाही. फक्त बोलावणे कमी झाले. एके दिवशी आम्ही माडीवर गेलो तो धाकटा खेळत होता, आणि थोरला खालच्या ओटीवर पुस्तक उघडून बसला होता. पान मात्र उलटत नव्हते.

आम्ही धाकट्यास हटकले. तो रडवेला झाला. "आजोबा, मी काय करू? दादा विचार करीपर्यंत फेरी संपते. बाकीचे मला म्हणतात, तू ये, त्याला आणू नको." मग जरा थांबून म्हणाला, "आणि मला जलद खेळायला आवडते. ते वाईट आहे का?"

या प्रश्नास आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही. कारण त्या क्षणी आम्हांस आमच्या काकांची आठवण झाली.

काका बुद्धिबळ खेळत ते देशी पद्धतीने. त्या पद्धतीत प्यादे आरंभीही एकच घर सरकते. दोन घरांची पहिली उडी ही विलायती. ती युरोपात कित्येक शतकांपूर्वी याचसाठी रूढ झाली की डावाचा आरंभ रेंगाळू नये. काकांचा डाव दुपारी मांडला जाई, आणि दहा-बारा खेळ्या होईतो दिवेलागण होई. ते प्याद्यांची तटबंदी आधी सबंध उभी करीत, आणि मग पानाचा विडा लावून म्हणत, "हं, आता बोला." आम्ही पुण्यास शिकावयास गेलो, तेथे विलायती पद्धत शिकलो, आणि सुटीत घरी येऊन काकांस सांगितले की तुमची रीत आता जगात कोठे चालत नाही. ते म्हणाले, "बरे, तुझ्या रीतीने खेळू." त्या उन्हाळ्यात आम्ही त्यांस पाच डावांत पाच वेळा हरविले. त्यांनी तक्रार केली नाही. पुढच्या सुटीत आम्ही पट काढला तेव्हा ते म्हणाले, "डोळ्यांस आता दिसत नाही रे." पण संध्याकाळी त्याच डोळ्यांनी ते पोथी वाचत होते. त्यानंतर त्यांनी आमच्याशी कधी पट मांडला नाही. आणि आम्हांस त्याचे कारण सुमारे पन्नास वर्षांनी, धाकट्यापुढे उभे असता, कळले.

म्हणून धाकट्यास आम्ही एवढेच म्हटले की जलद खेळणे वाईट नाही. कबड्डीच्या व्यावसायिक सामन्यांत २०१४ पासून चढाईस तीस सेकंदांची मर्यादा आहे, आणि दोन चढाया फुकट गेल्या की तिसरीत मारा किंवा मरा. ते सामने आमच्या घरातील आजीबाईही खुर्ची पुढे ओढून पाहतात. पूर्वी दमाची परीक्षा होई, आता धडाडीची होते. नव्या रीतीतही कौशल्य आहेच. तसेच या खेळांतही विचार नाहीसा झाला असे म्हणता येणार नाही. धाकटा शाळेतून आल्यावर अर्धा तास एकटाच मोकळ्या नकाशावर जाऊन कोणत्या छपरावरून धूर टाकला की तो नेमका कोणत्या दारापुढे पडतो, हे घोकत बसतो. विचार आधीच करून ठेवायचा आणि सामन्यात तो नुसता हाताने ओतायचा, असा हा प्रकार. पाठांतराचा म्हणा हवा तर. आमच्या वेदपाठी पूर्वजांस तो अपरिचित वाटला नसता. पण प्रतिपक्षाचे मन सामना चालू असता ओळखणे ही गोष्ट निराळी. तिला वेळ लागतो, आणि वेळ देणारा खेळच तिला जागा देऊ शकतो.

जागा अगदीच उरलेली नाही असेही नाही. मोठमोठ्या स्पर्धा अजून तेराच्या सामन्यांवरच चालतात. मुंबईचा ग्लोबल ईस्पोर्ट्स हा संघ २०२३ पासून व्हॅलोरंटच्या पॅसिफिक लीगमध्ये खेळतो, तो त्याच तऱ्हेने. २०२३ च्या अखेरीस रेडी ऑर नॉट नावाचा पोलिसी मोहिमांचा खेळ पूर्ण रूपात आला. त्यात प्रत्येक दार उघडण्यापूर्वी थांबावे लागते, आणि त्यालाही भरपूर गिऱ्हाईक मिळाले. जाता जाता पालकांकरिता एक खुलासा करून ठेवतो, कारण आम्हांस दोघा-तिघांनी विचारले आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जो ऑनलाइन खेळांचा कायदा केला, त्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांस बंदी केली. कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांस त्याने उलट मान्यताच दिली आहे. तेव्हा माडीवर चालते ते बेकायदा नाही. पोशाख-हत्यारांच्या खरेदीकडे मात्र लक्ष असावे. आमच्याकडे एका दिवाळीची ओवाळणी त्यात गेली.

घरात शेवटी ठरले ते असे. आठवड्याचे सहा दिवस पान साडेआठाला, आणि आठनंतर माडीवर नवा डाव मांडावयाचा नाही, मग तो आखूड असो की लांब. शनिवारी मात्र तेराचा पुरा सामना, आणि त्यात थोरला व धाकटा एका पक्षात. उरलेले तिघे कोण, हा प्रश्न होता. एक थोरल्याचा महाविद्यालयातील मित्र मिळाला. दुसरा धाकट्याने आपल्या टोळीतून, बरीच मनधरणी करून, आणला. तिसरे आमचे चिरंजीव, वय बेचाळीस! वीस वर्षांनी ते यंत्रापुढे बसले, आणि पहिल्या शनिवारी प्रत्येक फेरीत सर्वांच्या आधी बाद झाले. बाद होताच सवयीने खुर्ची मागे सारून ते उठले, आणि धाकट्याच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. सूनबाई पाने मांडावयाचे विचारण्यास वर आल्या होत्या. त्याही पदराला हात पुसत दाराशी उभ्या राहिल्या. कोणी बोलत नव्हते. खोलीत फक्त थोरल्याचा हलका आवाज, "थांब. अजून थांब."

तो सामना ते तेराला अकरा असे हरले. पान नऊ वाजून वीस मिनिटांनी मांडले. वाढता वाढता सूनबाईंनी विचारले की शेवटच्या फेरीत तो उजवीकडून आलाच कसा. आणि त्यावरून थोरला व धाकटा यांच्यात जे भांडण जुंपले, ते ताकभात होईपर्यंत चालले होते.